वहिनी बसली

सकाळचे सात वाजले नव्हते, तरी कारखान्याच्या पत्र्याने बोलायला सुरुवात केली होती. पत्रा तापला की ताणतो, ताणला की कडकड वाजतो, आणि त्या आवाजावरून आतली माणसं दिवसाचा अंदाज बांधतात. आठनंतर वाजला तर दिवस बरा जातो. सातच्या आत वाजला म्हणजे दुपारी अंगाचं पाणी होणार.

नाकाबाई दोन्ही हातांनी जाड नळी धरून टाक्यांच्या खोलीबाहेरची फरशी धूत होती. हे काम खरं तर आता तिचं नव्हतं. वाईनच्या या कारखान्यात ती गेली अकरा वर्षं चाखणारी होती. ग्लास उचलायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि काय कळलं ते वहीत लिहायचं. पण सकाळची फरशी तिने कुणाला दिली नव्हती. तापलेल्या सिमेंटवर पहिलं पाणी पडलं की खालून वासांचा लोट वर येतो. ओलं सिमेंट, आंबलेला गाळ, नळीचं रबर, काल सांडलेली वाईन, सगळं एकदम. तो लोट छातीभर घेतला की तिला कळायचं, नाक जागं आहे. गवई तंबोरा लावून बघतो ना, तसं.

आज पाणी पडलं, वाफ उठली, तोंडाला लागली. वास आला नाही.

तिने नळीच्या तोंडावर अंगठा दाबून गटाराच्या जाळीवर फवारा मारला. तिथे तर मेलेल्यालाही वास आला असता. काही नाही. नाकाच्या जागी कुणी भिंत बांधून, वर गिलावा करून गेलं होतं.

सोमवारी दुपारी तिला ताप भरला होता. बाहेर भट्टी आणि टाक्यांच्या खोलीत हिवाळा, दिवसातून वीस वेळा आत-बाहेर. कधी ना कधी अंगावर येणारच होतं. मंगळवार-बुधवार घरी पडून काढले. आज गुरुवार. ताप उतरला, सर्दी वाहून गेली, नाक मोकळं झालं. वारा आरपार जात होता, फक्त त्या वाऱ्यात काही नव्हतं.

घरी नवऱ्याला हे आज सकाळीच कळलं होतं. तो शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे नुसता पडदा. दूध गॅसवर ठेवून ती ओट्याला टेकून उभी होती, आणि तो मशीनवरून उठून धावत आला.

"अगं, दूध करपून कोळसा झालं. तू पातेल्याला खेटून उभी आहेस."

तिने पातेल्यात बघितलं. खरंच तळ काळा पडला होता.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

"लक्ष नव्हतं का नाक नव्हतं?" वीस वर्षं संसार केलेल्या माणसापासून काय लपणार. "सांगून टाक त्या मॅडमला. माझ्या मशीनचा पट्टा तुटतो तेव्हा मी गिऱ्हाइकाला सांगतो की नाही, चार दिवस थांबा म्हणून?"

"पट्टा बाजारात मिळतो, अहो."

तो पातेलं घासायला घेऊन गेला, आणि ते तिला जास्तच लागलं, कारण तो एरवी कपबशीसुद्धा विसळत नसे.

फरशी आटोपून ती टाक्यांच्या रांगेतून पुढे आली आणि चार नंबरपाशी थबकली. टाकीच्या तळाच्या तोटीला पंपाची नळी जोडलेली होती. नळीचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून पलीकडे बाटल्या भरायच्या खोलीत गेलं होतं. पंपवाला उकिडवा बसून पक्कड फिरवत होता.

"ही काय भानगड?"

"भानगड कसली. वहिनी चालली बाटलीत. अकराला लाइन सुरू."

"कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. आणि कोण सांगणार? मला स्वप्न पडलं का?"

इथे वहिनी म्हणजे कोण ते सांगायला हवं. चार नंबरमध्ये व्हिओनिए होती. हे एका पांढऱ्या द्राक्षाचं नाव, आणि त्याच्या वाईनचंही. नाव असं की म्हणताना जीभ दोनदा अडखळते आणि लिहिताना तीन चुका होतात. पहिल्या वर्षी पाट्या रंगवणाऱ्याने टाकीवर लिहिताना जी काही गडबड केली, ती वाचून पंपवाल्याने तिचं बारसं करून टाकलं, वहिनी. तेव्हापासून 'वहिनीला थंड ठेव', 'वहिनीचा गाळ काढ', 'वहिनी सांडली' असं सगळं सरसकट चालायचं. पंपवाला नाकाबाईच्या नवऱ्याचा जुना दोस्त. रीतीने त्याने तिला वहिनी म्हणायला हवं. पण कारखान्यात 'वहिनी' अशी हाक मारली की चार माणसं टाकीकडे बघायची. म्हणून त्याने हिला नाकाबाई केलं, आणि ते नाव तिच्या सह्यांपेक्षा जास्त चाललं.

नाकाबाई नळीकडे बघत उभी राहिली. सोमवारी सकाळी तिनेच वहिनी चाखली होती आणि वहीत निकाल लिहिला होता: 'चार नंबर. वहिनी बसली.' याहून स्पष्ट काय लिहायचं? बसलेली वाईन कुणी बाटलीत भरतं का?

आणि तरी नळी लागली होती. म्हणजे तिचा शब्द बाजूला टाकला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही ती घरी तापात पडलेली असताना, तिला न विचारता.

"काय झालं? नळीला नजर लावतेस का?" पंपवाला म्हणाला.

"काही नाही," म्हणून ती निघाली, पण पायांना जागा सापडेना.

अकरा वर्षांपूर्वी ती बाटल्या धुवायच्या खोलीत होती. दिवसभर ओल्या हातांनी उभं राहायचं, गुडघ्यांत संध्याकाळी खिळे ठोकल्यासारखं व्हायचं. एकदा पाहुण्यांसाठी उघडलेल्या बाटल्या धुवायला आल्या, तेव्हा एका बाटलीत उरलेली वाईन ओतताना ती सहज बोलली, "याला ओल्या पोत्याचा वास मारतोय." दारातून जाणारे मास्तर थांबले. मास्तर म्हणजे तेव्हाचे वाईन करणारे, तोंडाने फटकळ, हाताने उदार. त्यांनी बाटली नाकाला लावली. बूच खराब होतं. पाहुण्यांना कळलं नव्हतं, मालकांना कळलं नव्हतं, खुद्द मास्तरांना कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हात पुसायला लावून चाखायच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "पुस्तकातले शब्द मी पाठ केलेत. तू तुझे वापर. माझी पंचाईत होईल तेव्हा होईल."

तेव्हापासून तिचे शब्द हीच कारखान्याची भाषा झाली. काडेपेटी ओढल्यासारखा वास आला की 'काडी'. फार दिवस हवा लागलेली वाईन 'कापलेलं सफरचंद'. जिच्यात आंबटपणाचा कणा आहे, घोट गेल्यावरही जी तोंडात ताठ राहते, ती 'उभी'. आणि जिचा कणा गेला, जी तोंडात पसरून पडते, गोडूस, जडशी, पाहुणचार झाल्यावरही न उठणाऱ्या माणसासारखी, ती 'बसली'. या गरम मुलखात वहिनीला हाच धोका. हे द्राक्ष सुगंध धरायला वेळ लावतं, आणि सुगंध धरेपर्यंत उन्हाने आंबटपणा खाल्लेला असतो. आठवडा लवकर तोडलं तर वास नाही, आठवडा उशिरा तोडलं तर कणा नाही.

मास्तर गेल्या वर्षी कामातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी मॅडम आल्या, तिशीच्या, हळू बोलणाऱ्या, वहीत सगळं जपून लिहून ठेवणाऱ्या. वाईट नव्हत्या. पण माणूस वाईट नसलं म्हणजे त्याला आपली भाषा कळते असं थोडंच आहे.

आठ वाजले. नाकाबाईने चाखायच्या खोलीत जाऊन ग्लास पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. मग डब्यातला कांदा काढून नखाने सोलला आणि नाकपुडीला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. तिला एक क्षण वाटलं, डोळे तरी शाबूत आहेत, आणि मग स्वतःचाच राग आला.

तिच्या डोक्यात दोनच गोष्टी फुगडी घालत होत्या. एक, मॅडमना कळलं आहे की हिचं नाक गेलं. कसं कळलं, ते विचारू नका. घाबरलेल्या माणसाला जग सर्वज्ञ वाटतं. आणि दुसरी त्याहून वाईट. समजा मॅडमचंच बरोबर असेल तर? ताप सोमवारी दुपारी भरला. पण ताप भरायच्या आधीच नाक गेलं असलं तर? सोमवारी सकाळी ग्लास उचलल्यावर जर्दाळूचा वास आला होता, हे तिला आठवत होतं. पण खरोखर आला होता, की दर वर्षी येतो म्हणून आल्यासारखा वाटला? दिसलेली वस्तू डोळे मिटून पुन्हा बघता येते. वासाचं तसं नाही. गेला की त्याची नुसती चिठ्ठी उरते.

आणि नाकच नसलं तर नाकाबाई कोण? बाटल्यांच्या खोलीत जागा नेहमीच रिकामी असते.

ती उठली. टाक्यांकडे गेली, आकडे वाचले, परत आली. तोंड धुतलं. साबणाची वडी हुंगली. मागच्या अंगणात माल उचलायची गाडी उभी होती, तिच्या टाकीचं झाकण उघडून आत नाक घातलं.

"काय नाकाबाई," मागून पंपवाला, "आता डिझेलचीही वही लिहिणार?"

"गळतंय का बघत होते."

"नाकाने?"

"तुला काय करायचंय? तुझी नळी लावून झाली ना?"

"झाली. पण तू आज अशी फिरतेयस जशी पिल्लं हरवलेली मांजर. बरं नाही वाटत तर जा घरी. अकराला मी बघतो, तुझ्यावाचून वहिनी काही उतू जाणार नाही."

त्याने सहज म्हटलं. ते तिला सुरीसारखं लागलं. तुझ्यावाचून.

दहा वाजता बाटल्या खणखणायला लागल्या. लाइनवरच्या बायका टोप्या घालून आत गेल्या. लेबलांची वेटोळी बाहेर निघाली. आतापर्यंत दर वर्षी वहिनी इतर पांढऱ्या वाईनमध्ये मिसळली जायची. यंदा पहिल्यांदाच ती एकटी, स्वतःच्या नावाने बाजारात जाणार होती. लेबलावर सोनेरी अक्षरांत नाव, आणि खाली बारीक अक्षरांत 'जर्दाळूचा दरवळ'. नाकाबाईने वेटोळं हातात घेऊन वाचलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. साडेदहाला तिच्याने राहवेना. तिने पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, तोंड पुसलं आणि मॅडमच्या खोलीचं दार ढकललं.

मॅडम मापाची काचेची नळकांडी धुऊन पालथी घालत होत्या. "या ताई. बरं वाटतंय का आता?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"चार नंबर कुणी पास केली?"

मॅडमनी वळून बघितलं. "तुम्ही."

"मी?"

"असं काय करता? तुमचंच अक्षर आहे." मॅडमनी वही ओढली, पान काढलं, बोट ठेवलं. "सोमवार. चार नंबर, वहिनी बसली. मंगळवारी मी टाकीच्या काचेला टॉर्च लावून बघितलं, आरशासारखी स्वच्छ होती. म्हटलं, ताई सांगतात तसंच. बसली आहे."

"काय बसली आहे?"

"गाळ. गाळ खाली बसला, वाईन निवळली, भरायला हरकत नाही. असंच ना?"

नाकाबाई भांडायला आली होती. सकाळपासून तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती, काही तर फारच चांगली जमली होती. ती सगळी घशाशीच राहिली. इथे कुणी तिचा शब्द टाकला नव्हता. तिच्या एका शब्दावर आख्खी टाकी बाटलीत निघाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "गाळ बसला तर मी 'निवळली' लिहिते. 'बसली' म्हणजे बसली. म्हैस डबक्यात बसते तशी. उठायचं नाव नाही."

मॅडमनी वहीतली ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "आमच्या घरी 'बसली' म्हणजे स्थिरस्थावर झाली."

"तुमच्या घरी पाहुणे बसत असतील. इथे वाईन बसली की गेली."

"मास्तरांना हे कळायचं?"

"मास्तरांनी दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही."

"मग मी विचारायला हवं होतं," मॅडम हळूच म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. "पण ताई, काल मी स्वतः चाखली. मला तर ती... तुमच्या भाषेत काय म्हणता, उभी वाटली."

"कुठून काढून चाखलीत?"

"टाकीतून. थेट."

"म्हणजे आठ डिग्रीची. गारठ्यात सगळेच ताठ उभे राहतात, मॅडम. ग्लास घेऊन गिऱ्हाईक ओसरीवर बसलं, बोलण्यात दहा मिनिटं गेली, मग बघा तिचा कणा. आपल्या या उन्हात गार वस्तू गार राहते किती वेळ?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. अकराला वीस कमी. पलीकडे बाटल्यांचा आवाज वाढला होता. "लाइन थांबवायची तर मालकांना फोन करावा लागेल. लेबलं छापून आलीत. 'ताई म्हणतात म्हैस बसली' असं मी फोनवर सांगू? माझं यंत्र सांगतं आंबटपणा कमी आहे, पण पुस्तक म्हणतं, गरम मुलखात या द्राक्षाला इतकं कमी चालतं. मला खात्री हवी. तुमची आणि माझीही."

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा ताटात तीन ग्लास होते, प्रत्येकाच्या पायाला कागदाची चिठ्ठी दुमडून चिकटवलेली. तिन्हींतली वाईन पिकल्या गवताच्या रंगाची. एकीचा रंग जरा फिका, पण तेवढ्यावरून काही ठरत नव्हतं. मॅडमनी ग्लास टॉवेलात गुंडाळले, हाताला गार की कोमट ते लागू नये म्हणून.

"वास आणि चव, दोन्ही सांगा," मॅडम म्हणाल्या आणि पेन उघडलं.

नाकाबाईने पहिला ग्लास उचलला. मनगटाने दोन वळसे दिले. नाकाशी नेला, डोळे मिटले. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते. आत काही नव्हतं. रिकाम्या खोलीत हाक मारावी तसं.

"वास?" मॅडमनी विचारलं.

जर्दाळू. शब्द जिभेच्या टोकावर तयार होता. म्हटला असता तर कुणी धरलं नसतं. ही वाईन काय, तिचं लेबलसुद्धा जर्दाळू म्हणत होतं. जर्दाळू, मागे थोडं नारिंगाचं फूल, शेवटी मधाचा हात; हे ती झोपेत म्हणू शकली असती. मॅडमनी लिहून घेतलं असतं. नाक पुढच्या आठवड्यात आलंच असतं, आणि नसतं आलं तरी अशा पाठ केलेल्या शब्दांवर वर्ष-दोन वर्षं सहज निघाली असती. कितीतरी माणसं निघतात.

पंखा गरगरत होता. मॅडमचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं.

"वासाचं मला विचारू नका," नाकाबाई म्हणाली. "मला वास येत नाही."

"या ग्लासला?"

"कशालाच. ताप आल्यापासून. सकाळी घरी दूध जळलं, तेही कळलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग एवढा वेळ ग्लास नाकाशी कशाला धरला होता?"

"सवय."

"सोमवारी येत होता?"

"माहीत नाही." आता बोलायला लागलीच होती, तर पुरतं बोलून टाकावं असं तिला वाटलं. "येत असावा. शपथेवर नाही सांगू शकत."

"ताई, मग सोमवारचं तुमचं ते 'बसली'..."

"त्याला नाक लागत नाही, मॅडम. त्याला थुंकी लागते. मला फक्त तोंडाचं सांगू द्या. खोटं निघालं तर मी स्वतः बाटल्यांच्या खोलीत जाते, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मॅडमनी मानेने हो म्हटलं. पेन मात्र उचललं नाही.

नाकाबाईने घोट घेतला. दातांमधून थोडी हवा ओढली, घोट जिभेवरून गालांकडे, गालांकडून हिरड्यांकडे फिरवला, बादलीत थुंकला. मग मान खाली घातली आणि मोजायला लागली. हे मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिलाच सापडलेलं होतं. थुंकल्यावर तोंडाला पाणी सुटतं का, कुठून सुटतं, किती वेळ सुटत राहतं. आंबटपणा असला की जबड्याच्या मागून पाझर फुटतो. नसला की तोंड तसंच, कोरडं आणि चिकट.

पाणी सुटलं. पाचपर्यंत. मग थांबलं.

तिने पाव खाल्ला, पाणी प्यायली. दुसरा ग्लास. घोट आत गेला मात्र, तिचा डावा डोळा आपोआप मिटला. थुंकली. सात, बारा, अठरा, पाणी थांबेना. तिसरा ग्लास. तोंडभर कोमट तेल पसरल्यासारखं झालं, घसा दारूने जरासा तापला, शेवटी सालीसारखा कडवटपणा. थुंकली. दोन. तीन. काहीच नाही. तोंडात ती तशीच पसरून राहिली.

तिने खात्रीसाठी पहिला पुन्हा घेतला. मग तिसरा. मग ते दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले.

"पहिली आणि तिसरी एकच," नाकाबाई म्हणाली. "दोन्ही वहिनी. पहिली आत्ता टाकीतून काढलीत, तिसरी कधीची बाहेर ठेवलेली आहे. पहिलीला गारव्याने धरून ठेवलंय, म्हणून पाचपर्यंत तरी उभी राहते. तिसरी बसली. मधली दुसरीच आहे. जात तीच असावी, अंगाने ओळखीची वाटते, पण कोवळी. दोन नंबर का?"

मॅडमनी एकेक चिठ्ठी उलगडली. तिन्ही बरोबर निघाल्या; तिसरी सकाळी यंत्रात तपासायला काढून टेबलावरच राहिलेली वहिनी होती. दोन नंबर म्हणजे त्याच मळ्याचा, पण सोळा दिवस आधी तोडलेला थोडासा माल. मास्तरांची ती जुनी खोड. दर वर्षी वेलांच्या दहा-बारा ओळी लवकर तोडून वेगळ्या ठेवायला लावायचे, आणि का ते सांगायचे नाहीत. मॅडमनी तो स्वस्तातल्या मिश्रणात घालायचं ठरवलं होतं.

त्यांनी तिसऱ्या ग्लासातला घोट स्वतः घेतला, बादलीत थुंकला आणि नाकाबाईसारखी मान खाली घालून उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. तीनवर थांबले.

"हं," म्हणाल्या. आणि दार उघडून पंपवाल्याला हाक मारली. "दादा, पंप लावू नका. आणि जरा आत या, हात धुऊन."

पंपवाला हात झटकत आला. मॅडमनी त्याच्या पुढे ग्लास धरला. "वास घ्या. काय येतं ते सांगा."

त्याने एकदा मॅडमकडे, एकदा नाकाबाईकडे बघितलं. "ही आहे की. माझं नाक कशाला?"

"तिचं आज बंद आहे," नाकाबाई स्वतःच म्हणाली.

त्याला डिझेलची टाकी आठवली असणार, कारण त्याचा चेहरा बदलला आणि तोंडावर आलेली थट्टा त्याने गिळली. त्याने ग्लासात नाक घातलं, पार भुवईपर्यंत. "सुकलेलं जर्दाळू नाही, ओलं... म्हणजे पिकून फुटलेलं. आणि मागे, कसं सांगू, अंगाच्या साबणाचं नवं पुडकं फोडल्यावर येतो ना, तसा."

"साबण," मॅडमनी लिहिलं.

नाकाबाईला ते शब्द इतके आवडले की पोटात दुखलं. साबणाचं नवं पुडकं. हे तिने म्हणायला हवं होतं.

पुढचा तासभर नळकांड्यांचा होता. शंभरात दहा भाग दोन नंबर, मग पंधरा, मग वीस. दर वेळी ग्लास खिडकीच्या उन्हात दहा मिनिटं ठेवायचा आणि मग चाखायचा. दहा भागांना वहिनी उठायचा प्रयत्न करत होती. विसाला फार ताठ झाली, आणि पंपवाला म्हणाला की साबण गेला. सोळावर नाकाबाईने अकरापर्यंत मोजलं, पंपवाल्याला जर्दाळू सापडलं आणि मॅडमनी पानावर सोळाभोवती चौकोन काढला. मग त्या मालकांना फोन करायला बाहेर गेल्या. बराच वेळ फक्त 'हो', 'नाही', 'माझी चूक' असं ऐकू येत होतं.

पंपवाला म्हणाला, "म्हणजे आता सगळी नळी सोडवायची."

"हो."

"सकाळी सांगता आलं नसतं का, बाई? पाठीचा काटा ढिला झाला माझा."

"नसतं आलं," नाकाबाई म्हणाली.

मॅडम परत आल्या त्या थेट टेबलापाशी. कान लाल झाले होते. "सोमवारपर्यंत मुदत मिळाली. ताई, वहीत यापुढे एक शब्द नको. पूर्ण वाक्य लिहा. मला कळेल असं."

"लिहिते."

"आणि..." त्यांना पुढचं जड जात होतं, ते दिसत होतं. "वासाचा रकाना सध्या मी भरेन. हे दादाही हुंगतील. तुम्ही तोंडाचं बघा. नाक येईपर्यंत."

"आणि नाहीच आलं तर?"

येईल हो, असं मॅडम पटकन म्हणाल्या नाहीत, हे नाकाबाईने लक्षात ठेवलं. "तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे आज जा. उद्या नाही, आज."

नाकाबाईने वही ओढली. 'बसली'वर काट मारली नाही. खाली लिहिलं: 'चार नंबर व्हिओनिएमध्ये आंबटपणा कमी आहे. गार असेपर्यंत बरी लागते, कोमट झाल्यावर तोंडात जड पडते. शंभरात सोळा भाग दोन नंबर घातल्यावर उभी राहते. वास मी घेतलेला नाही.' शेवटचं वाक्य लिहायला तिला वरच्या तिन्हींइतका वेळ लागला. तिने नाव लिहिलं, कागदोपत्री असतं ते, आणि वही मॅडमकडे सरकवली.

आता ती चाखायच्या टेबलाची अर्धीच मालकीण. अर्धं कुठलं, वासाला सोडून उरतं ते किती? तिच्या पायांना अजून जागा सापडत नव्हती. डॉक्टर चारला दार उघडतो. आत्ता कुठे एक वाजत होता.

"मंगळवारपासून पिपं भरायची राहिलीत," मॅडम म्हणाल्या. "मला वेळच झाला नाही."

लाकडी पिपांतली वाईन रोज थोडी थोडी उडून जाते. वर पोकळी राहिली की हवा तिला खाते. नाकाबाईने झारी भरून घेतली, कानावर खडू खोचला आणि मागच्या खोलीत गेली. पहिल्या पिपाचं बूच हातोडीने दोन्ही बाजूंनी ठोकून सैल केलं, काढलं, टॉर्च मारून बघितलं. दोन बोटं कमी होती. तिने झारी वाकडी केली आणि वाईन काठोकाठ आल्यावर थांबवली. बूच ठोकलं, ओघळ पुसला, खडूने तारीख घातली. मग झारी उचलून दुसऱ्या पिपाकडे सरकली. अजून तेवीस होती.